तिसऱ्या सहीचा बॅज

नंदकुमार खोपकरांच्या शर्टाच्या खिशाला गेली सव्वादोन वर्षं एक बॅज होता, आणि तो आपल्याला चुकून मिळालाय हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्यांना भोळे समजून सोडून देणार नाही. माणूस वाईट नव्हता, पण भोळाही नव्हता.

हॉस्पिटल ट्रस्टचं, कॅन्सरचं, बेलापूरच्या पुढे खाडीच्या अंगाला. नंदकुमार तिथे बिलिंगला होते. तळमजल्यावर त्यांची काचेची खिडकी. काचेला खाली अर्धगोल भोक. लोकांनी त्या भोकातून वाकून बोलायचं आणि नंदकुमारांनी खुर्चीत ताठ बसून ऐकायचं, अशी तिथली रीत. दादरची दोन खोल्यांची जागा विकून नेरूळला सिडकोच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. पत्नी चारुलता, मुलगी क्षिप्रा, सोसायटीच्या कमिटीवर खजिनदारकी, असा एकूण नेटका संसार. बिलात त्यांची एक रुपयाची चूक कधी कुणाला सापडली नव्हती. कुठल्याही जुन्या पेशंटचं नाव सांगा, पाच मिनिटांत बिल काढून देतो, असं ते म्हणत आणि खरंच काढून देत.

दुसऱ्या मजल्यावर टोकाला एक खोली होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायकांना तिथे ठेवायचे. थिएटरात नेऊन आधी शरीरात पोकळ नळ्या बसवायच्या, मग या खोलीत आणून त्या नळ्यांमध्ये सीझियमची नळकांडी सरकवायची. एकेक नळकांडं बोटाच्या पेराएवढं. त्यातून सतत किरणं बाहेर पडत असतात, तीच गाठ जाळतात. हॉस्पिटलात सगळे त्याला सोर्स म्हणत. सोर्स आत असेपर्यंत, म्हणजे दीड-दोन दिवस, बाईनं पाठीवर पडून राहायचं. कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. नातेवाइकांनी दाराबाहेर थांबायचं. शिशाच्या पेटीतून सोर्स आणणं, लांब चिमट्यानं घालणं, काढणं, मोजून परत ठेवणं, या सगळ्याचा बिलात एक वेगळा रकाना होता. सोर्स हँडलिंग, नगाला तीनशे.

अशा किरणांजवळ वावरणाऱ्यानं छातीवर बॅज लावायचा असतो. आतली चकती दर तीन महिन्यांनी सरकारी प्रयोगशाळेत जाते आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरणं पडली त्याचा आकडा कागदावर येतो. खोली सुरू झाली तेव्हा, त्र्याण्णवच्या जानेवारीत, फिजिक्सच्या साहेबांनी ऑफिसला चिठ्ठी पाठवली की सोर्सशी संबंध येणाऱ्या सर्वांना बॅज मागवावेत. साहेब मुंबईहून आठवड्यातून दोनदा यायचे, तेवढ्यात त्यांनी आपलं काम केलं. ऑफिसनं मग ऑफिसच्या डोक्यानं विचार केला. सोर्सशी संबंध कुणाचा? सोर्सच्या स्लिपवर ज्यांच्या सह्या त्यांचा. स्लिपवर तीन सह्या असत. पहिली फिजिक्सच्या साहेबांची, दुसरी टेक्निशियन सुधीरची, आणि बिल लावलं म्हणून तिसरी नंदकुमारांची. तीन सह्या, तीन बॅज. बॅजवाल्यांना महिना नव्वद रुपये भत्ता आणि वर्षाला पंधरा दिवस जादा रजा. नंदकुमार आयत्या बिळावरचे नागोबा झाले ते असे.

सुधीरनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की तुमच्या काचेतून किरणं येतात की काय. नंदकुमार हसले आणि त्यांनी विषय बदलला. भत्ता छोटा होता, पण रजा मोठी होती. दर मे महिन्यात चारुलताच्या माहेरी, श्रीवर्धनला, ते आता तीन-तीन आठवडे राहू लागले. सोसायटीत लोक बॅज बघून अदबीनं विचारायचे की तुमचं काम फार जोखमीचं का हो, आणि नंदकुमार मान नुसती हलवायचे, हो की नाही ते समोरच्यानं ठरवावं. दर तीन महिन्यांनी त्यांच्या नावापुढे शून्य यायचं. शून्याला कधी कुणी प्रश्न विचारत नाही.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये खिडकीशी कृष्णात आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहणाऱ्या टोळीतला. मूळचा पाटणकडचा. त्याची बायको उज्वला दोन दिवस त्या टोकाच्या खोलीत होती, आज तिला घरी सोडणार होते आणि दहा दिवसांनी पुन्हा सोर्स घालायला बोलावलं होतं. कृष्णात पहिल्या खेपेचं बिल भरायला आला होता. त्यानं बिल घेतलं, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत वाचलं आणि एका ओळीवर बोट थांबवलं. हे सोर्स हँडलिंग म्हणजे काय, असं त्यानं विचारलं.

मागे सातआठ माणसं उभी होती. जेवणाची वेळ झाली होती. नंदकुमार म्हणाले, "मार्केटात काम करता ना? मग हमाली समजा. तीन नग, नऊशे."

कृष्णातचा चेहरा मोकळा झाला. हमाली त्याला कळत होती. त्यानं नगाचं वजन विचारलं. काही ग्रॅम असेल, असं नंदकुमार म्हणाले आणि आता हा दरावरून वाद घालणार म्हणून सरसावून बसले. पण कृष्णात दराबद्दल काही बोलला नाही. माल जोखमीचा असला तर हमाली जास्त पडते, एवढं त्याला मान्य होतं. त्याची अडचण निराळीच होती.

"सायब, हमालीपुढं नाव न्हाई."

नंदकुमारांना कळेना. कृष्णातनं शांतपणे समजावून सांगितलं. त्यांच्याकडे हमालीच्या प्रत्येक पावतीवर टोळीचा नंबर असतो. माल कुणी उचलला ते लिहिल्याशिवाय हमाली निघत नाही. "न्हाईतर उचलतो एक आन् खातो दुसराच. त्यासाठी आमच्या म्हाताऱ्यांनी लई भांडणं केल्यात. तुमी नाव ल्ह्या, मी पैसं भरतो."

नावं लिहिण्यात काय जातं, असा विचार करून नंदकुमारांनी फाइलमधून स्लिप काढली आणि रांग पुढे सरकावी म्हणून स्लिपवरच्या सह्यांप्रमाणे तीन नावं बिलावर उतरवली. हात नेहमीच्या सवयीनं चालत होता. तिसरं नाव लिहून झाल्यावर तो अडखळला, पण तोवर शाई कागदावर उतरली होती.

कृष्णातनं वाचलं. सुधीरभाऊ, बरोबर. हे साहेब एकदा येऊन गेले, तेही बरोबर. "आन् न. खोपकर कोन?" तो म्हणाला. "मी दोन दिस त्या दारासमोर बाकड्यावर बसून हुतो. खोपकर म्हनून कुनी आत गेल्यालं न्हाई."

मग त्यानं खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढून भोकातून आत सरकवला. मार्केटात गोण्या मोजून मोजून या माणसाला मोजल्याशिवाय कुठे बसवतच नव्हतं. दोन दिवस दारासमोर बसून त्यानं आत जाणाऱ्यांच्या खेपा मोजल्या होत्या. सुधीर दोन. सिस्टर सहा. आणि खाली चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी, असे चार गठ्ठे, वर तीन सुट्या रेघा. तेवीस. त्यापुढे वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, मावशी.

"ह्या मावशींचं नाव कुठाय?"

नंदकुमारांचा हात नकळत खिशावर गेला. बॅजवर नाव छापलेलं असतं. काच स्वच्छ होती आणि कृष्णातला वाचता येत होतं. त्यानं वाचलं. मग भोकातून सगळे पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि जाताना एवढंच म्हणाला की पुढच्या बिलात तरी मावशींचं नाव घाला. मागची बाई वाकून विचारत होती की एक्स-रेचे पैसे इथेच भरायचे का.

खाई त्याला खवखवे म्हणतात. जेवणाचा डबा न उघडताच नंदकुमार जिना चढले. सव्वादोन वर्षं त्यांनी त्या खोलीची बिलं लावली, पण खोली कधी पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर उंटावरून उतरायचं कशाला?

दारावर किरणांची पिवळी खूण होती आणि खाली नियम चिकटवलेले. एका खेपेला पाच मिनिटं. तीन आयांनी आळीपाळीनं जावं. बाहेर स्टुलावर राजाबाई भाकर आणि सुकट खात बसल्या होत्या. करावे गावच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा. हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून इथे आया. त्यांच्या पोलक्याला चार सेफ्टीपिना अडकवलेल्या होत्या, बाकी काही नव्हतं. नंदकुमारांना त्या नावानं ओळखत होत्या, कारण पगाराच्या दिवशी कुठे सही करायची ते हेच दाखवायचे. राजाबाई सही करत नसत, अंगठा देत.

नंदकुमारांनी आडून आडून विचारलं. राजाबाईंनी सरळ सांगितलं. बाकीच्या दोन आया कोवळ्या पोरी आहेत, त्यांना त्या खोलीची भीती वाटते, म्हणून त्यांच्याही खेपा राजाबाईच घेतात.

"त्यांची लग्नं व्हायची हायत सायेब. पोरंबाळं व्हायची हायत. मना काय व्हायाचं हाय आता?"

तरी तेवीस खेपा कशा, असं त्यांनी विचारलं. तेव्हा राजाबाईंनी हातातली भाकर खाली ठेवली. आत पडलेल्या बाईला पाणी लागतं, पाठीखाली टॉवेल लागतो, हे तर झालंच. पण खरं म्हणजे त्यांना माणूस लागतं. दोन दिवस हलायचं नाही, घरचं कुणी दिसायचं नाही, जवळ येणारा प्रत्येक जण घड्याळ बघत येणार. दुखण्यापेक्षा त्या याच गोष्टीनं रडतात. मग ही परवाची उज्वला हाक मारायची, मावशे आहेस का. नुसतं आहे म्हणून बाहेरून ओरडलं तर तिला खरं वाटायचं नाही. तोंड दाखवावं लागायचं.

नंदकुमार खाली आले आणि थेट प्रशासक वैजयंतीबाईंच्या केबिनमध्ये गेले. वैजयंतीबाई कामाच्या पक्क्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, राजाबाईंची स्लिपवर सही कुठे आहे? सही नाही म्हणजे सोर्सशी संबंध कागदावर नाही. संबंध नाही तर बॅजचा खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा? नवीन आर्थिक वर्षात बघू. मग चष्मा काढून त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "खोपकर, हा विषय निघाला तर तुमच्या बॅजचाही निघेल. दोन वर्षांचा भत्ता आणि रजा. विचार करा." त्यांनी हे नंदकुमारांच्या भल्यासाठीच सांगितलं होतं, यात शंका नाही. नंदकुमारांनी त्यांचे आभार मानले, आणि आभार मानल्याची त्यांना जिन्यापर्यंत जाता जाता लाज वाटली.

त्या संध्याकाळी त्यांनी चारुलताला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं पेंडी बाजूला ठेवली. रजेबद्दल, मे महिन्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि नंदकुमार तर तेच ऐकायच्या तयारीनं बसले होते.

"शर्ट धुवायला टाकताना दर वेळी तो बॅज मी काढून ठेवते," ती म्हणाली. "पाणी लागू नये म्हणून देवापाशी ठेवते. दोन वर्षं मी कुणाची वस्तू सांभाळत होते?"

चारुलतानं पुन्हा मेथी पुढे ओढली.

आता सरळ माणसानं काय केलं असतं? अर्ज लिहिला असता. माझा बॅज चुकीचा आहे, तो राजाबाईंना द्या, भत्ता परत घ्या. नंदकुमारांनी तसा अर्ज तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. धाडस होत नव्हतं. मग त्यांनी केलं ते कारकुनाच्या स्वभावाला धरून केलं. स्वतः तोंड उघडण्याऐवजी त्यांनी आकड्याला पुढे केलं.

खोली आठवड्यातून एकदा तरी भरतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॅज खिशावरून काढला, वर जाऊन राजाबाईंच्या हातात दिला आणि खोलीत जाताना रोज पोलक्याला लावायला सांगितलं. सुधीर तिथेच होता. तो म्हणाला की हे नियमाबाहेर आहे, आणि आकडा येईल तो तुमच्या नावावर येईल. नंदकुमार म्हणाले, येऊ दे. सुधीर आपल्या कामाला लागला.

राजाबाईंनी बॅज उलटसुलट करून पाहिला. "ह्यानी किरनं थांबतात?"

"नाही. फक्त मोजली जातात."

"मंग काय उपेग?"

"मोजलं की कुणीतरी विचारतं," नंदकुमार म्हणाले. राजाबाईंना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण सायबानं दिलंय म्हणून त्यांनी चारांतली एक सेफ्टीपिन काढून बॅज नीट अडकवला.

उज्वला दुसऱ्या खेपेला आली त्या दिवशी नंदकुमार जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन उभे राहिले. बाकावर कृष्णात होताच, हातात पेन आणि बिस्किटाचा नवा कागद. दार थोडं उघडं होतं. आत शिशाचा पडदा, त्याच्यामागे राजाबाईंचा आवाज. करावेच्या खाडीत पूर्वी चिखलातले निवट्या मासे कसे हातानं धरायचे, ते त्या उज्वलाला सांगत होत्या आणि चमच्यानं पाणी पाजत होत्या. उज्वला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. नंदकुमारांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आवाज द्यावा की न द्यावा हे त्यांना कळेना. त्यांना पहिल्यांदा समजलं की या खोलीत नियम पाळला तर एकीचं नुकसान होतं आणि मोडला तर दुसरीचं, आणि आपण यातलं काहीच न बघता नगाला तीनशे लावत आलो. त्यांना स्वतःचा मनापासून राग आला. कृष्णातनं कागदावर एक रेघ ओढली.

बिलाच्या वेळी नंदकुमारांनी हँडलिंगच्या ओळीपुढे तीन नावं लिहिली. साहेब, सुधीर आणि राजाबाई. कृष्णातनं बोट ठेवून वाचलं, आता बरोबर आहे म्हणाला, आणि उज्वलाला खुर्चीवरून उठवून सावकाश बाहेर घेऊन गेला.

मार्चअखेरीला चकत्या तपासायला गेल्या. पुढच्या चकत्या आल्या तेव्हा नंदकुमारांनी, पुन्हा कुणालाही न विचारता, आपल्या नावाचा बॅज राजाबाईंच्याच पोलक्यावर राहू दिला. मेच्या मध्यावर रिपोर्ट आला. त्या सकाळी फिजिक्सचे साहेब जिना उतरून बिलिंगच्या खिडकीशी आले. वर्षानुवर्षं सही ओळखीची होती, माणूस नव्हता. ते वाकले आणि भोकातून म्हणाले, "खोपकर कोण?"

नंदकुमार उभे राहिले. "मी. पण हा आकडा माझा नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. रांगेतल्या लोकांनीही ते ऐकलं. शेवटी साहेबांनी कागदावर बोट ठेवून विचारलं की हा आकडा पूर्ण तीन महिन्यांचा ना? नंदकुमार म्हणाले, नाही, शेवटच्या पंधरा दिवसांचा. साहेबांनी मनातल्या मनात गुणाकार केला असावा, कारण ते तिथेच भिंतीला टेकले. याच वेगानं गेलं तर वर्षअखेरीला बाई किरणांच्या वार्षिक मर्यादेच्या काठावर, असं ते हळू आवाजात म्हणाले, आणि वैजयंतीबाईंच्या केबिनकडे निघाले. अर्जाला नवीन आर्थिक वर्ष लागलं असतं. आकड्याला एक दुपार पुरली.

नंदकुमारांवर जे यायचं ते आलं. चोवीसशे तीस रुपये भत्ता पगारातून बारा हप्त्यांत कापायचं ठरलं. जादा घेतलेली रजा खात्यातून वजा झाली, त्यामुळे त्या वर्षीचं श्रीवर्धन राहून गेलं. फाइलमध्ये शेरा आला. सोसायटीत एकानं बॅज कुठे गेला म्हणून विचारलं, तेव्हा नंदकुमार म्हणाले, तो माझा नव्हताच. समोरच्याला वाटलं विनय करतात. तिन्ही आयांना आणि सिस्टरना बॅज मागवले गेले. स्लिपवर खेपांचा एक रकाना आला आणि त्यापुढे अंगठ्याची जागा. आणि राजाबाईंना सहा महिन्यांसाठी खोलीतून काढून खाली ओपीडीत बसवलं.

याचा राजाबाईंना भयंकर राग आला. दोन दिवस त्या नंदकुमारांशी बोलल्या नाहीत. वर आता कोण तोंड दाखवतं त्या बायांना, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी ओपीडी रिकामी झाल्यावर नंदकुमार रिपोर्टची नक्कल घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि बाकावर बसले. या कागदावर माझं नाव आहे, पण आकडा तुमचा आहे, असं त्यांनी सांगितलं. घाबरायचं कारण नाही, साहेब रक्त तपासतील, पुढे सगळं मोजलं जाईल. राजाबाईंनी आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो पंधरा दिसांचा?"

"हो."

"आनि आदीचा?"

आधीचा. त्र्याण्णवच्या जानेवारीपासूनचा. त्यांच्या फाइलमध्ये आठ रिपोर्ट ओळीनं लावलेले होते आणि आठही ठिकाणी त्यांच्या नावापुढे शून्य होतं. ती शून्यं खोटी नव्हती, ती काचेमागे बसलेल्या माणसाची अगदी खरी शून्यं होती. पण त्याच काळात वरच्या खोलीत या बाईच्या अंगावर जे पडत होतं ते कुठेच लिहिलं गेलं नव्हतं, आणि आता कुठल्याही प्रयोगशाळेतून ते येणार नव्हतं. भत्ता परत करता येतो, रजा परत करता येते. हे परत करता येत नव्हतं. पाच मिनिटांत कुठलंही जुनं बिल काढून दाखवणाऱ्या माणसाकडे दाखवायला काही नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "माझ्यामुळे माहीत नाही."

राजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या फरशीकडे बघत राहिल्या. नंदकुमार उठले. राजाबाईंना वाटलं गेले. पण पाच मिनिटांनी ते परत आले ते सोर्सच्या जुन्या स्लिपांचा गठ्ठा घेऊन. शंभरावर स्लिपा. एकसष्ट बायका. किरणं नाही मोजता येणार, खेपा तर मोजता येतील, असं ते म्हणाले. खेपा कळल्या तर साहेब त्यावरून अंदाज बांधू शकतील. मला बायकांची नावं सांगता येतात, बाकीचं तुम्ही सांगा.

राजाबाईंनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. "येवडं कोनाला याद ऱ्हातंय?"

नंदकुमारांनी सर्वांत खालची स्लिप काढली, नाव वाचलं आणि गावाचं नाव वाचलं. कामोठे.

राजाबाई जरा वेळ आठवत राहिल्या. "हां," त्या म्हणाल्या. "पयली तीच. शिकलेली बाय. पन अंधार पडला का लई घाबरायची. दिवा बंद केला का हाक." त्या बोटांवर मोजू लागल्या. "संध्याकालची पानी द्याया गेली, ती एक."

नंदकुमारांनी स्लिप उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिली उभी रेघ ओढली.